शॉर्ट रॅम की कोल्ड एअर? रोजच्या स्पोर्ट्स कारसाठी इनटेक निवडताना

इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर; मूळचा बदलून बसवायचे हे दोन प्रकार. शॉर्ट रॅमचा उघडा फिल्टर बॉनेटखालीच बसतो. पाइप आखूड, बसवायला सोपा, आणि आवाज दमदार. खरं सांगायचं तर बहुतेक जण त्या आवाजासाठीच पैसे मोजतात. अडचण ट्रॅफिकमध्ये येते. गाडी उभी राहिली की इंजिनाभोवतीची तापलेली हवाच आत ओढली जाते. हवा 10 अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता साधारण 3 टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकद वाढायची सोडून कमीच. वेग घेतल्यावर हा तोटा बराच भरून निघतो.

कोल्ड एअरचा फिल्टर खाली, बंपर किंवा फेंडरच्या आत. हवा थंड मिळते. पण साचलेल्या पाण्यात तो बुडाला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसात गाडी घरीच ठेवणाऱ्यांचं ठीक आहे.

कोणताही घ्या, एमएएफ सेन्सरपाशी (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) पाइपचा व्यास मूळ पाइपइतकाच हवा, नाहीतर हवेचं माप चुकतं.

माझं मत शॉर्ट रॅमला, पण फिल्टरभोवती बंदिस्त खोकं हवं आणि ते बाहेरची हवा घेणाऱ्या मूळ नळीला जोडलेलं हवं. आवाज थोडा दबतो, एवढंच.