टर्नटेबलचे सात महिने: पट्टा बदलला, दोष भलताच निघाला

वस्तू थोडी थोडी फिरवून तिचे सगळीकडून फोटो काढायचे आणि त्यांतून थ्रीडी मॉडेल बनवायचं (याला फोटोग्रामेट्री म्हणतात), त्यासाठीचं हे मोटरवरचं टर्नटेबल: ३० सेंमी तबकडी, १० किलोची क्षमता, कॅमेऱ्याला ब्लूटूथ शटर. आता थेट बिघाडावर. सातव्या महिन्यात तबकडी फिरवणारा पट्टा घसरायला लागला. मेशच्या (मॉडेलच्या जाळीदार पृष्ठभागाच्या) कडा मऊ येत होत्या, त्याचा दोषही मी त्यालाच दिला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: अख्खी मोटर असेंब्ली बदला, २,८०० रुपये, कुरिअर तुमचं. खालचे चार स्क्रू काढले की आत थ्रीडी प्रिंटरमधलाच जीटी२ पट्टा, ६ मिमी रुंद, १०० दाती. पुण्याच्या तापकीर गल्लीत दीडशेच्या आत. बिनजोडाचाच घ्या, चिकटवलेला सुटतो.

आणि एवढं करूनही मेशच्या कडा तशाच मऊ! पट्ट्याला उगाच बदनाम केलं. टेबल १० अंश फिरलं की ११, फोटोग्रामेट्रीला फरक पडत नाही. फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवून कॅमेऱ्याची जागा सॉफ्टवेअरच काढतं. खोक्यावरची '०.१ अंश अचूकता' म्हणजे निव्वळ शोभा.

खरी गोम थांबण्यात आहे. टेबल थांबल्यावर बरोबर १ सेकंदाने क्लिक होतं आणि हा आकडा अ‍ॅपमध्ये बदलताच येत नाही. तांबट आळीतला साडेतीन किलोचा तांब्याचा हंडा तेव्हा अजून डुलत असतो. एफ/११, आयएसओ १०० ला शटर पाव सेकंद उघडं, मग कडा पुसणारच. त्यावर फुकटातला उपाय: प्रत्येक पायरीचा मुक्काम ६ सेकंद करा (हा मात्र बदलता येतो), ब्लूटूथऐवजी शटरची वायर लावा आणि कॅमेरा २ सेकंदांच्या सेल्फ-टायमरवर ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत चालतं. तीन उंचींवरून ३६-३६ असे १०८ फोटो. वेळ वाढतो, वाढू दे.

मठारकामाचा (हातोडीच्या ठोक्यांचा) चकाकता हंडा असेल तर एवढ्याने भागत नाही. दिवा जागेवर, हंडा फिरतोय, त्यामुळे प्रत्येक ठोक्यातली चमक सरकत राहते. सॉफ्टवेअर तिलाच पृष्ठभाग समजतं आणि मेशला खड्डे पडतात. दिव्यावर नि लेन्सवर एकमेकांना आडवे-उभे पोलरायझर (चमक गाळणारे फिल्टर) लावले तर लाकूड, माती सुंदर येते. तांबं मात्र जवळजवळ काळं पडतं, कारण धातूकडून येतो तो सगळा चमकेचाच प्रकाश. तिथे आपोआप उडून जाणारा स्कॅनिंग स्प्रे हवा. महाग आहे. भोसरीच्या वर्कशॉपमधला डाय पेनेट्रंटचा डेव्हलपर (धातूतल्या भेगा शोधायचा पांढरा फवारा) स्वस्त पडतो, पण तो पुसावा लागतो, म्हणून जुन्या, काट चढलेल्या भांड्यावर अजिबात नको. नुसता पांढरा थरही उपयोगाचा नाही. वरून चिमूटभर काळी पूड भुरभुरवा, नाहीतर जुळवायला खुणाच उरत नाहीत. तांब्याचा रंग नि झळाळी नंतर थ्रीडी सॉफ्टवेअरच्या मटेरियल सेटिंगमध्ये हाताने द्यायची: मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) डोळ्याने. फोटोतली चमक टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चढवलेल्या चित्रात) राहिली की स्क्रीनवर हंडा फिरवला तरी ती जागची हलत नाही, स्टिकर लावल्यासारखी दिसते.

तबकडी चकचकीत पांढरी का केली, देव जाणे. तिच्यावर वर्तमानपत्राचं पान चिकटवा. अक्षरं हंड्याबरोबर फिरतात, जुळणी पक्की होते. मागे काळं मखमली कापड सपाट ताणून लावा. त्याच्या सुरकुत्या दिसल्या, तर हंडा फिरतोय हे सॉफ्टवेअरला पटतच नाही.