नागावचं दुसरं घर: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आम्ही राहतो परळला. अलिबागजवळ नागावला वाडीतलं छोटं कौलारू घर घेतलं, ताबा गेल्या दिवाळीत मिळाला. हिवाळा, मे महिना आणि आता पावसाळा, तिन्ही ऋतू बघून झाले, म्हणून सविस्तर लिहितेय. घर घेतल्याचा मला मनापासून आनंद आहे. नुसती विश्रांतीच हवी असेल तर मात्र होमस्टे कितीतरी स्वस्त पडतो, आणि तिथे झाडलोटही करावी लागत नाही.

जाण्यायेण्याचं आधी सांगते. परळहून भाऊचा धक्का जवळ, त्यामुळे गाडी रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत घालतो. तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर आणि पुढे नागाव. रस्त्याने शंभरेक किलोमीटर होतात. शनिवारी सकाळी वडखळला अडकलात की अर्धा दिवस गेला. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात आणि समुद्र खवळला की रो-रोही रद्द होते. त्या महिन्यांत रस्ताच धरून चालायचं.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं आम्ही अलिबागला समुद्र बघायला जायचो. घर झाल्यापासून वाडीत काय चाललंय ते बघायला जातो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पडलेल्या पोफळींच्या जागा आमच्याकडे अजून मोकळ्या होत्या. शेजारच्या काकांनी तिथे आधी केळी लावायला लावल्या, कारण कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही. केळीची सावली झाल्यावर पावसाच्या तोंडावर पोफळीची रोपं आली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातील. माझे सासरे पंचाहत्तरी ओलांडलेले. पण गाडीतून उतरल्या उतरल्या आधी रोपांकडे जातात, वाकून नवं पान फुटलंय का बघतात, चहा त्यानंतर. परळच्या घरात मी त्यांना कशाची एवढी वाट बघताना पाहिलेलं नाही. माझ्यासाठी घराची किंमत इथेच वसूल झाली.

जानेवारीत काकींनी पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ. शेंगा सोलताना गावातल्या चार घरांची ओळख झाली. उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा आता रस्त्यावर थांबून घ्याव्या लागत नाहीत, काकीच आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

घर मात्र सतत काम काढतं. मेमध्ये कौलं शाकारून घेतलीच पाहिजेत. माकडं आणि मांजरं वरून फिरतात, एक कौल सरकलं तरी आढ्याला पाणी लागतं. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी बिजागऱ्या गंजल्या, त्या बदलून पितळी घेतल्या. पडवीला पश्चिमेकडून झापं बांधली नाहीत तर पाऊस थेट उंबऱ्यापर्यंत येतो. बंद कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर पंधरा दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे पिशव्या, पट्टे सगळं मुंबईला परत नेतो. फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवायचं. विहिरीचा पंप बरेच दिवस बंद राहिला की फूटव्हॉल्व्हमधून (पाइपाच्या तळाच्या झडपेतून) पाणी उतरून जातं, मग मोटर नुसती फिरते. आधी पाइपात पाणी भरून मगच बटण दाबायचं, हे आता माझ्या बारावीतल्या मुलीलाही येतं. किल्ली काकांकडे असते. आठवड्यातून एकदा ते दारं-खिडक्या उघडतात, त्याचा मोबदला आम्ही ठरवून, वेळेवर देतो. असा माणूस नसेल तर लांबचं घर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं थोडक्यात: ग्रामपंचायतीची घरपट्टी फार नाही, देखभालीला मात्र दर वर्षी वेगळी रक्कम काढून ठेवावी लागते. इन्कम टॅक्समध्ये 2019-20 पासून दोन घरं स्वतःच्या वापराची दाखवता येतात, त्यामुळे रिकाम्या दुसऱ्या घरावर काल्पनिक भाडं धरलं जात नाही. शनिवार-रविवार भाड्याने देऊन हप्ता सुटेल असं एजंट हमखास सांगतात. आम्ही देत नाही. गर्दीच्या सुट्ट्यांनाच भाडं मिळतं आणि त्याच दिवशी आम्हालाही जायचं असतं.

कागदपत्रांत घाई नको. शेतकरी नसाल तर शेतजमीन सहसा घेता येत नाही, तेव्हा जागा बिनशेती आहे का, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत, हे वकिलाकडून तपासून घ्या. किनाऱ्यालगत भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचे निर्बंध येतात. जुन्या घराला नुसती एक खोली वाढवायची म्हटलं तरी आधी ते बघावं लागतं.

आणि घर बघायला जुलैत जा. डिसेंबरात सगळीच घरं छान दिसतात. जुलैत भिंतीला ओल किती उंच चढते, अंगणात पाणी कुठे तुंबतं, शेवटच्या वळणावर गाडी चिखलात रुतते का आणि वीज गेली की किती तासांनी येते, हे सगळं एका मुक्कामात कळतं.