दाढीनंतर तुरटी आणि बाम : सोलापूरच्या हवेत काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रोज दाढी करावी लागणारी नोकरी, सेफ्टी रेझर आणि ब्रश-साबणाची जुनी पद्धत, त्यात सोलापूरची कोरडी हवा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दाढी संपल्यानंतरच्या पाच मिनिटांत त्वचेचे काय करायचे, हा प्रश्न खुद्द दाढीपेक्षा मोठा होऊन बसतो. मार्च महिन्यापासून मी तुरटीची वडी आणि अल्कोहोल नसलेला आफ्टरशेव्ह बाम (दाढीनंतर लावायची मलई) ही जोडी वापरत आहे. त्यात एक सबंध उन्हाळा आणि पावसाळा झाला असून आता थंडी सुरू झाली आहे. त्याआधी कित्येक वर्षे काचेच्या बाटलीतले अल्कोहोलयुक्त, झोंबणारे लोशन वापरले असल्यामुळे तुलना करण्यापुरता अनुभव गाठीशी आहे. मत आधीच सांगून टाकतो. तुरटी चांगली आहे आणि बामही चांगला आहे, परंतु आपल्याकडे या दोन्हींचा गुण येतो की नाही हे वेष्टनावरच्या नावापेक्षा त्या कोणत्या क्रमाने आणि त्वचा किती ओली असताना लावल्या, यावर जास्त ठरते.

दाढी करताना पाते फक्त केस कापत नाही. त्वचेवरून सरकताना ते सर्वांत वरचा, मृत पेशींचा थरही थोडाथोडा खरवडून नेते. चेहऱ्यावर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाइतकाच जाड असतो आणि आतला ओलावा धरून ठेवण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे असते. त्यातच दाढीचा साबण अल्कधर्मी, म्हणजे साधारण ९ ते १० सामूचा (पीएचचा), तर निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, हवेत ओलावा नावालाही उरत नाही, आणि अशा वेळी नुकत्याच खरवडलेल्या त्वचेतले पाणी उडून जायला फारसा वेळ लागत नाही. सकाळी गुळगुळीत दिसणारी हनुवटी दुपारी ताणल्यासारखी वाटणे, तिच्या कडेला पांढरट पापुद्रे दिसणे आणि कॉलर घासते त्या जागी मानेवर लाल पुरळ उठणे, ही तक्रार आमच्या कार्यालयात अनेकांच्या तोंडी असते.

लोशनच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. पुरुषांसाठीचे ओल्ड स्पाइस १९३८ पासून बाजारात आहे, निव्हियाचा अल्कोहोलविरहित बाम आला १९८० साली. म्हणजे लोशनला चाळीसेक वर्षांची आघाडी मिळाली आणि आपल्या वडिलांच्या पिढीने आफ्टरशेव्ह म्हणून जे काही पाहिले ते झोंबणारेच पाहिले. झोंबते म्हणजे जंतू मरतात, असा समज त्यातूनच पक्का झाला असावा. प्रत्यक्षात ती आग वेगळ्या कारणाने होते. उष्णतेची सूचना देणारे जे ग्राहक (रिसेप्टर) त्वचेच्या मज्जातंतूंवर असतात ते एरवी सुमारे ४२ अंशांना जागे होतात. अल्कोहोलच्या संपर्कात ते ३४ अंशांच्या आसपासच जागे होतात, आणि शरीराचे तापमान त्याहून जास्त असल्याने मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. मेंथॉलचा प्रकार याच्या उलट. तो त्वचा थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चाळवतो. लोशन लावल्यावर आधी आग आणि मग गारवा वाटतो तो असा, आणि या दोन्हींपैकी एकाचाही त्वचा भरून येण्याशी संबंध नाही. अल्कोहोल उडून जाताना उरलासुरला ओलावाही घेऊन जाते, हा खरा तोटा. ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांना पावसाळ्यात लोशन सोयीचे वाटेल, याबद्दल माझा वाद नाही.

आता पाण्याकडे वळतो, कारण सोलापुरात खरी मेख तिथेच आहे. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत बहुतेक घरांची भिस्त बोअरवर असते. बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस होण्याऐवजी न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बेसिनच्या कडेला जमणारा पांढरा थर हाच, ब्रशच्या केसांच्या मुळाशी बसणारी पांढरी भुकटीही बहुतांशी हीच, आणि कितीही पाणी मारले तरी गालावर जो बुळबुळीतपणा राहतो तोही हाच. त्यावर तुम्ही उत्तमातला बाम लावलात तरी तो त्वचेला लागण्याआधी या साक्यालाच लागतो. म्हणून मी ब्रश भिजवण्यासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी नळाचे साठवलेले पाणी वापरतो, ते संपले असेल तर पिण्याच्या शुद्ध पाण्यातले एक तांब्याभर घेतो. आरओ यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीचे पाणी मात्र या कामाला घेऊ नये. क्षार त्यातच एकवटलेले असतात. केवळ हा बदल केल्यावर, बाम तोच असूनही, मानेवरचे पुरळ निम्म्याहून कमी झाले. त्यामुळे कुणी नवी ट्यूब घ्यायला निघाला असेल तर त्याने आधी पाणी बदलून पाहावे, असे मी सुचवीन.

तुरटी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवण्यासाठी ती घरोघरी असते, आणि मधल्या मारुतीच्या बाजारात किराणा दुकानात तिचा ओबडधोबड खडा अगदी स्वस्तात मिळतो. दाढीसाठी विकली जाणारी घासून गुळगुळीत केलेली वडी आणि हा खडा यांत गुणाचा फरक मला जाणवला नाही. फरक आहे तो कडांचा. खड्याच्या धारदार कडा वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून आधी बोथट कराव्या लागतात, नाहीतर ओरखडा उठतो. तुरटीमुळे त्वचेवरची प्रथिने आकसतात, बारीक कापल्याचे रक्त थांबते आणि जंतूंची वाढही काही प्रमाणात रोखली जाते. मी थंड पाण्याने चेहरा पूर्ण धुऊन, तो ओला असतानाच वडी हलक्या हाताने एकदा फिरवतो. साबण राहिलेल्या चेहऱ्यावर फिरवली तर साका वाढतो. फिरवताना जिथे चुरचुरते तिथे पाते जास्त दाबले गेले, हे तुरटी त्याच क्षणी सांगते. माझ्या बाबतीत ती जागा डाव्या जबड्याखालची असते, कारण तिथले केस खालून वर न येता आडवे वाढतात आणि सवयीने हात त्यांच्या विरुद्ध जातो. जेमतेम अर्धा मिनिट थांबून तुरटी धुऊन टाकावी, ही गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. ती तशीच वाळू दिली तर त्वचा आवळत राहते, आणि उन्हाळ्यात पापुद्रे सुटायला तेवढे पुरते. आमचे वडील नेमके तसेच करतात आणि त्यांना काहीही होत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्यांची त्वचा तेलकट आहे.

सलूनमध्ये गेल्यावर तुरटीचा प्रश्न वेगळा होतो. वस्तऱ्यात अर्धी ब्लेड आपल्यासमोर नवी घातली जाते, त्याबद्दल आता कुणालाही सांगावे लागत नाही. तुरटीचा खडा मात्र आरशाखाली पडलेला तोच, सकाळपासून प्रत्येकाच्या गालावर फिरलेला असतो. कापलेल्या त्वचेवर दुसऱ्याच्या रक्ताचा अंश असलेली वस्तू फिरवू नये, इतके साधे हे कारण आहे. मी खिशातल्या छोट्या डबीत स्वतःचा तुकडा नेतो आणि कारागीराने ‘मालक, उलटा हात मारू का?’ असे विचारले की नको म्हणतो. उलटा हात म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध वस्तरा. त्याने गाल तुकतुकीत होतो खरा, पण केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि दोन दिवसांनी तिथे पुटकुळी येते. कुरळ्या, राठ दाढीला हा त्रास हमखास होतो.

टॉवेलविषयी दोन शब्द लिहिणे सोलापूरकराला भाग आहे. आपल्या चादरीप्रमाणेच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याला तोड नाही. पण बोअरच्या पाण्यात धुऊन गच्चीवर मेच्या उन्हात वाळवलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो, त्याचे फासे क्षारांनी ताठरतात, आणि नुकत्याच दाढी केलेल्या गालावर तो घासणे म्हणजे पुन्हा एकदा पाते फिरवण्यासारखेच आहे. चेहऱ्यासाठी मी जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा वेगळा ठेवला आहे. तोही चोळायचा नाही, नुसता टिपायचा, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच थांबायचे.

हा ओलसरपणा राखण्याचे कारण बामच्या घटकांत आहे. मी वापरतो त्या बाममध्ये ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, अलॅन्टॉइन आणि थोडे सिलिकोन आहे, अल्कोहोल नाही. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. बाहेर दमट हवा असेल तर ते हवेतूनही मिळते, परंतु एप्रिलच्या सोलापुरात हवेत पाणी कुठले? मग ते त्वचेच्या आतल्या थरातले ओढते आणि बाम लावूनही चेहरा कोरडा राहिल्याची तक्रार होते. ओलसर त्वचेवर लावल्यास ग्लिसरीनला धरायला वरचेच पाणी मिळते आणि सिलिकोनचा पातळ थर ते झाकून ठेवतो. प्रमाण हरभऱ्याच्या दाण्याएवढे पुरते. जास्त घेतले तर पंधरा मिनिटांत घामाबरोबर ओघळून डोळ्यांत जाते, आणि दुचाकीवर सात रस्ता चौकातल्या सिग्नलला थांबलेले असताना डोळा चुरचुरणे हा अनुभव मुळीच सुखाचा नाही. बाम मुरल्यावर, घराबाहेर पडण्याआधी, सनस्क्रीन लावावे. खरवडलेली त्वचा उन्हात लवकर काळवंडते आणि इथले ऊन सकाळी नऊलाच कडक होते.

ऋतूंप्रमाणे फरक स्पष्ट दिसला. उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी लागल्या. बाम फ्रिजच्या दारात ठेवला की त्याचा गारवा मेंथॉलशिवाय मिळतो, आईचा मात्र लोणच्याच्या बरणीशेजारी ट्यूब ठेवायला अजून विरोध आहे. पावसाळ्यात तुरटीनेच भागले, बाम एक दिवसाआड पुरला. सध्या, थंडीत, हाच बाम सकाळी पुरतो पण संध्याकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून रात्री तोंड धुतल्यावर तो पुन्हा थोडा लावतो. खोबरेल तेलाचा सल्ला अनेकांनी दिला. कोपर-टाचांना ते उत्तम आहे, दाढीच्या जागी मात्र रंध्रे बुजून पुटकुळ्या येण्याचा संभव असल्याने मी ते टाळतो.

बामच्या तक्रारीही आहेत. सुगंध नको तितका आहे, आणि संवेदनशील त्वचेला बहुतेक वेळा बाधतो तो सुगंधच, त्यामुळे बिनवासाचा प्रकार मिळाल्यास मी तोच घेईन. ट्यूबचे झाकण महिन्याभरात ढिले झाले. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ट्यूब राहिली तेव्हा आतला बाम फुटून पाणी आणि मलई वेगळी झाली, ती टाकूनच द्यावी लागली. किंमत लोशनपेक्षा जास्त वाटते, पण हरभऱ्याएवढ्या प्रमाणात एक ट्यूब तीन महिन्यांच्या आसपास जाते आणि तुरटीची वडी तर वर्षभरही संपू नये, बशर्ते ती पाण्यात ठेवली नाही आणि फरशीवर पडली नाही. पडली तर तिचे काचेसारखे धारदार तुकडे होतात.

ज्यांना मुरुमांसाठी अ‍ॅडापलीनसारखी औषधे चालू आहेत किंवा इसब आहे, त्यांनी तुरटी वापरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. काळजी घेऊनही पुरळ हटत नसेल, गोल चट्टा उठून खाज सुटत असेल, तर तो बुरशीचा संसर्गही असू शकतो आणि त्याला बाम काय किंवा तुरटी काय, काहीच करू शकत नाही. अशा वेळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मिसळलेले मलम आणण्याची आपल्याकडची सवय फार वाईट आहे. त्याने दोन दिवस लाली दबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते. २०१८ पासून अशी बहुतेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरीही ती सहज मिळतात.