रॅचेट क्रिम्पिंग पक्कड आणि कपलरचा संच : एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

या पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका दुकानातून मी रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड (वायरीच्या टोकाला धातूची पिन दाबून बसवणारी), तिचे बदलता येणारे जबडे आणि कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड), पिना व रबरी सील यांचा डबा असा एकत्र संच घेतला. त्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचा शिक्का नाही. असेच संच वेगवेगळ्या नावांनी बाजारात मिळतात. एक जुनी शंभर सीसीची आणि एक दीडशे सीसीची अशा दोन मोटारसायकलींच्या वायरिंगची दुरुस्ती मी या संचावर केली, दोन्ही गाड्या पावसात नियमित चालल्या आणि पाऊस ओसरल्यावर केलेला प्रत्येक जोड उघडून पाहिला. पक्कड निःसंशय घेण्यासारखी आहे. डब्यातील माल मात्र निवडून वापरावा लागतो.

मोटारसायकल विजेच्या बाबतीत रुसते तेव्हा दोष बहुधा वायरीच्या मधल्या भागात नसतो, टोकाच्या जोडात असतो. बारा व्होल्टच्या गाडीत जोडाचा थोडासाही रोध महाग पडतो. दहा अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या जोडात ओहमचा दहावा भाग इतकाच रोध निर्माण झाला, तरी तिथे एक व्होल्ट वाया जातो आणि दहा वॅट उष्णता त्या चिमुकल्या पिनेवर साठत राहते. इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून रेग्युलेटरकडे, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर अनेक गाड्यांत करपलेला आढळतो, तो याच कारणाने : पिन सैल होते, रोध वाढतो, उष्णतेने पिनेचा ताण आणखी जातो आणि शेवटी प्लास्टिक तपकिरी होऊन वितळते. मालकाला दिसते ते एवढेच की बॅटरी वारंवार उतरते. मग बॅटरी बदलली जाते, कधी रेग्युलेटरही बदलला जातो, आणि करपलेला कपलर जागच्या जागी राहतो.

आपल्याकडे अशा वेळी रूढ असलेला उपाय म्हणजे कपलर कापून टाकणे, वायरींना पीळ देणे आणि वरून काळी टेप गुंडाळणे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ओतकामाचे सुटे भाग मायक्रोमीटर लावून तपासले जातात. त्याच शहरात गाडीचे वायरिंग पीळ आणि टेपेवर सोडून द्यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. टेपेचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो आणि पावसाळ्यात पिळाच्या फटीतून पाणी तारांमध्ये ओढले जाते. डाग देणे, म्हणजे सोल्डर करणे, हा त्यापेक्षा बरा मार्ग वाटतो. पण सोल्डर तारांमधून वर चढते आणि जिथे ते थांबते तिथे वायर एकदम कडक होते. इंजिनाच्या सततच्या थरथरीने वायर नेमकी त्याच ठिकाणी तुटते. सोल्डर केलेल्या वायरीला पुढे पक्का आधार दिला तर ती टिकते, परंतु हँडलसोबत वळणाऱ्या वायरींना तसा आधार देणे कठीण असते. म्हणूनच गाडी बनवणारे कारखाने वायरींच्या टोकांना पिना दाबून बसवतात, आणि या पक्कडीने ते काम घरी करता येते.

कपलरच्या पिनेला मागच्या बाजूला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याच्या तारांना मिठी मारते आणि मागची जोडी वायरीच्या आवरणाला धरते, म्हणजे थरथरीचा ताण तांब्यावर न येता आवरणावर येतो. साध्या पकडीने हे पंख नुसते चपटे होतात. या संचातील जबड्याचा खाचा असा घडवलेला आहे की दोन्ही पंख आत वळून तारांच्या मध्यभागी उतरतात आणि तारा घट्ट दाबल्या जाऊन त्यांच्यात हवा किंवा ओल शिरायला जागा राहत नाही. रॅचेटमुळे दाब पूर्ण झाल्याखेरीज पक्कड उघडत नाही. त्यामुळे पहिली पिन आणि शेवटची पिन सारखीच दाबली जाते, मग हात थकलेला असो वा नसो. दाब कमी-जास्त करण्याचे छोटे दातेरी चाक मुठीजवळ आहे आणि पिन वेडीवाकडी अडकली तर पक्कड मध्येच सोडवण्याची कळही आहे. अर्धा, पाऊण आणि एक चौरस मिलिमीटरच्या वायरींवर मला एकसारखे, स्वच्छ जोड मिळाले. दाबलेली प्रत्येक पिन मी हाताने जोर लावून ओढून पाहिली आणि एकही निसटली नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर मात्र जबडा अपुरा पडतो : पंख पूर्ण वळत नाहीत, म्हणून बॅटरीच्या जाड वायरींसाठी ही पक्कड वापरू नये.

संचासोबत एका कागदावर चार चित्रे आहेत आणि त्यांतून नवशिक्याला काहीही कळणार नाही. आवरण किती सोलायचे हे त्यात दिलेलेच नाही. लहान पिनेसाठी चार ते पाच मिलिमीटर पुरते. तारांची टोके पुढच्या पंखांच्या किंचित बाहेर दिसली पाहिजेत आणि आवरणाची कड दोन पंखांच्या मधल्या जागेत आली पाहिजे. आवरण पुढच्या पंखात सापडले तर जोड बाहेरून सुरेख दिसतो आणि आत तांब्याला पुरता स्पर्शच होत नाही. हा दोष ओढून पाहिल्यानेही कळत नाही, म्हणून दाबण्याआधी चांगल्या उजेडात पिन नीट पाहणे आवश्यक आहे.

तांबे स्वच्छ असणे ही आणखी एक अट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर ती फारच महत्त्वाची ठरते. पाणी आवरणाच्या आत तारांमधून बरेच पुढे सरकते आणि सोललेले तांबे काळे निघते. काळ्या तांब्यावर कितीही चांगली पक्कड चालवली तरी जोड खात्रीचा होत नाही. लखलखीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापावी आणि कमी पडलेल्या लांबीला त्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा.

डब्यातील 2.8 मिलिमीटरच्या पिना आणि त्यांचे पांढरे कपलर चांगले आहेत. पिना पितळी आहेत, चुंबकाला चिकटत नाहीत, आणि कपलरची कळ बसल्याचा आवाज स्पष्ट येतो. 6.3 मिलिमीटरच्या पिनाही वापरण्याजोग्या आहेत. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, अर्थिंग देण्यासाठी दिलेली गोल थिंबले (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) मात्र चुंबकाला चिकटली, म्हणजे ती मुलामा दिलेल्या लोखंडाची आहेत. कोल्हापूरच्या पावसात ती गंजणार हे उघड असल्याने मी ती बाजूला ठेवली आणि त्याच दुकानातून तांब्याची सुटी थिंबले घेतली. दुकानदारांनी काही न बोलता चुंबक लावून पाहू दिला, हे मुद्दाम नोंदवतो.

पाणी अडवणारे काळे कपलर हा या डब्याचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. त्यांची रचना सुपरसील पद्धतीची आहे : प्रत्येक वायरीवर एक रबरी सील चढवून पिनेचा मागचा पंख त्या सीलवरच दाबायचा. सील वायरीच्या जाडीला तंतोतंत बसले तरच पाणी अडते. डब्यात एकाच मापाचे सील आहेत. जाड आवरणाच्या वायरीवर ते घट्ट बसले आणि पावसाळ्यानंतर तो कपलर आतून कोरडा निघाला. बारीक वायरीवरचे सील मात्र बोटाने फिरवता येत होते. असा एक कपलर मी मुद्दाम पुढच्या चाकाच्या वरच्या बाजूला, जिथे चिखलपाणी थेट उडते अशा ठिकाणी ठेवला होता. तो उघडला तेव्हा पिनेवर हिरवट थर धरलेला होता. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी बारीक सील वेगळे घेतल्याशिवाय हे कपलर वापरणे योग्य नाही.

पिना बाहेर काढण्यासाठी दिलेल्या पत्र्याच्या सळया मऊ आहेत आणि पहिल्याच जुन्या कपलरमध्ये वाकल्या. घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर अधिक उपयोगी पडतो.

तीन पिवळ्या वायरींचा कपलर बदलल्यावर दीडशे सीसीच्या गाडीच्या बॅटरीवर मध्यम वेगाने इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास दाब मिळू लागला, जो आधी 13 च्या खाली राहत होता. जोड तपासताना मल्टिमीटर गाडी बंद ठेवून रोधावर लावण्याचा फारसा उपयोग नसतो. दिवा किंवा इंजिन चालू ठेवून कपलरच्या दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजावा.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक मानकाच्या) गाड्यांवर हा संच वापरण्याआधी मात्र विचार करावा. त्यांतील सेन्सरच्या वायरींतून अतिशय क्षीण प्रवाह जातो, तिथे किंचित वाढलेला रोधही चुकीचा संदेश देतो, आणि वॉरंटीतील गाडीचे वायरिंग कापणे तसेही शहाणपणाचे नाही. गगनबावड्याच्या धुक्यासाठी जादा दिवे बसवणाऱ्यांनी मूळ वायरीला पाते घुसवून फाटा काढणारे निळे-लाल क्लिप टाळावेत. ते काही तारा कापतात आणि पाण्याला वाट देतात. रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र वायर आणावी आणि या संचातील पांढरे कपलर सीटखाली कोरड्या जागी बसवावेत.

संचाची किंमत मला दीड हजार रुपयांच्या आसपास पडली. पक्कड आणि जबडे सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत, आणि पिना, थिंबले व सील आपल्या वायरीचा तुकडा दुकानात सोबत नेऊन मापाने निवडावेत.