नऊ इंची मायक्रोफायबर रोलर: अकरा महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये घेतलेल्या या रोलरने आतापर्यंत एक बेडरूम, जिन्याची भिंत आणि हॉल दोनदा रंगवून झालाय. हॉल दोनदा का, तेच सांगायचंय.

जुळे सोलापुरातलं घर, हॉलची मोठी भिंत पश्चिमेची. एप्रिलची दुपार, बाहेर ४२ अंश, भिंत हाताला चटका देत होती. घामाने हैराण म्हणून डोक्यावर पंखा फुल्ल. एक पट्टा मारून ट्रेकडे वळेपर्यंत मागची कड सुकायची आणि नवा पट्टा तिच्यावर चढला की तेवढ्या बोटभर जागेत रंग दुप्पट. संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड पडला तेव्हा बायको म्हणाली, "चादर चिकटवली की काय भिंतीला?"

रोलर परत करायलाच निघालो होतो. गल्लीतले एक जुने पेंटरकाका बघायला आले. "रोलर काय करंल की ओ? भिंत तापलीय, त्यात पंखा लावलाय तुम्ही." मग बेडरूममधल्या न रंगवलेल्या भिंतीवर त्यांनी ओला स्पंज फिरवला. पुट्टीच्या ठिगळांनी पाणी गटकन पिऊन टाकलं, जुन्या रंगावरून ते ओघळत खाली आलं. हॉलमध्येही पुट्टीवर मी प्रायमर (रंगाआधीचा थर) न मारताच रंग दिला होता. पट्ट्यांच्या मधले फिकट डाग त्याचे.

डिसेंबरमध्ये हॉलचं काम परत काढलं. पुट्टी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घोटली, धूळ पुसली, अख्ख्या भिंतीला प्रायमर मारून रात्रभर सोडला. रंगाचे दोन्ही डबे एकाच बादलीत ओतून मिसळले, कारण मशीनवर बनवलेल्या शेडमध्येही डब्याडब्यात किंचित फरक निघू शकतो. पाणी अंदाजाने नाही, मापाने. सकाळी, पंखा बंद ठेवून मुलगा ब्रशने कडा मारत पुढे आणि लगेच मागून मी रोलर. छतापासून खालपर्यंत शेवटचा हात हलका, एकाच दिशेने. भिंत अर्धी सोडून चहाला जायचं नाही. यावरून घरात थोडी वादावादी झाली, पण भिंत एकसारखी आली.

आता रोलरबद्दल. रंग भरपूर धरतो, पण ट्रेच्या उतारावर नीट निथळला नाही तर टोकाशी जाड रेघ उमटते. पहिल्या दिवशी धागे सुटले; धुऊन, चिकटपट्टी फिरवून काढले. लांब दांडीचं लॉक आता ढिलं झालंय. धुवायला दोन बादल्या लागतात आणि आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी, म्हणून रंगाच्या दोन थरांच्या मध्ये तो पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवतो. एकदा विसरलो, रोलरवरचं एक मायक्रोफायबर कव्हर दगड झालं.

जिन्यात हौसेने सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचा रंग, दिला. चमक आली खरी, पण प्रत्येक खड्डा दिसतो. सायकलचा ओरखडा त्याच डब्यातल्या रंगाने झाकला, तरी ठिपका वेगळाच चमकतो. काका म्हणतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतच मारा. सध्या तिथे कॅलेंडर टांगलंय.