घटस्फोट चालू असताना अमेरिकेतील कर विवरणपत्र : एकत्र भरावे की वेगळे?

31 डिसेंबरच्या दिवशी न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा हाती नसेल, तर अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी आपण ते संपूर्ण वर्ष विवाहितच असतो. मग घरे दोन झालेली असोत की बोलणे फक्त वकिलांमार्फत होत असो. अशा वर्षी पती-पत्नींसमोर मुख्यतः दोन पर्याय राहतात : एकच संयुक्त विवरणपत्र, किंवा दोघांची दोन स्वतंत्र विवरणपत्रे. आमच्या घटस्फोटाच्या काळात 2022 या वर्षाचे विवरणपत्र आम्ही एकत्र भरले आणि 2023 चे वेगवेगळे, त्यामुळे दोन्हींचा अनुभव माझ्या गाठी आहे. मी करसल्लागार नाही आणि माझा अनुभव न्यू जर्सीपुरता आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा राज्यांत वैवाहिक काळातील मिळकत दोघांची समाईक मानली जाते आणि तेथे स्वतंत्र विवरणपत्रातही एकमेकांच्या उत्पन्नाचा हिशेब येऊ शकतो, म्हणून तेथील वाचकांनी पुढील मजकूर जरा बेतानेच घ्यावा.

आकड्यांचा प्रश्न आधी संपवतो, कारण बहुतेक जण तेथेच अडकून पडतात. दोघेही नोकरी करत असतील आणि पगार जवळपास सारखे असतील, तर मूळ करात फरक जवळजवळ पडतच नाही : 2025 च्या दरांनुसार प्रत्येकी 75,000 डॉलर मिळवणाऱ्या जोडप्याचा कर एकत्र भरला काय किंवा वेगळा भरला काय, सारखाच येतो. मात्र एकाचाच पगार 1,50,000 डॉलर असेल आणि दुसरी व्यक्ती एच-4 व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) घरी असेल, तर वेगळे भरणाऱ्या कमावत्याला सुमारे 9,000 डॉलर जास्त मोजावे लागतात. ही रक्कम कोणत्याही तात्त्विक युक्तिवादाला गप्प बसवणारी आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आमच्या घरी दोघांच्या नोकऱ्या होत्या, म्हणून मला निवड करण्याची चैन परवडली, असेही कोणी म्हणू शकेल.

आता परताव्याविषयी, कारण माझा निर्णय तेथेच झाला. 2022 चे संयुक्त विवरणपत्र आम्ही मार्च 2023 मध्ये एका संध्याकाळी स्वयंपाकघरातील टेबलावर बसून, कोणताही वाद न घालता भरले. परतावा 4,300 डॉलरच्या आसपास होता आणि तो नेहमीप्रमाणे आमच्या संयुक्त बँक खात्यात जमा होणार होता. तो येण्यापूर्वीच वकिलांच्या सूचनेवरून ते खाते आम्ही बंद केले. विवरणपत्रावर त्याच खात्याचा क्रमांक आहे, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. बँकेने रक्कम परत पाठवली आणि आयकर खात्याने धनादेश काढून जुन्या पत्त्यावर टपालाने धाडला. मे महिन्यात मी त्या घरातून बाहेर पडलो होतो. धनादेश दोघांच्या नावे होता, आणि माझ्या बँकेचे म्हणणे असे पडले की तो एकट्याच्या खात्यात भरायचा असेल तर मागे दोघांच्या सह्या हव्यात आणि दोघांनीही ओळखपत्रासह समक्ष यावे. ज्या व्यक्तीशी मुलीला शनिवारी कोण आणि किती वाजता नेणार एवढेच ठरवण्यासाठी तीन-तीन निरोप लागत होते, त्या व्यक्तीसोबत बँकेच्या रांगेत उभे राहण्याची वेळ जुळवायला ऑगस्ट उजाडला. शिवाय रकमेची वाटणी कशी करायची, हा प्रश्न होताच. माझ्या पगारातून कर अधिक कापला गेला होता, म्हणून माझा वाटा मोठा, असे मी म्हणत होतो. परतावा संयुक्त आहे तर अर्धा-अर्धा, असे तिचे म्हणणे होते, आणि आज मागे वळून पाहताना तेही अगदीच चूक वाटत नाही. त्यावर वकिलांची जी पत्रे झाली, त्यांच्या बिलात माझ्या वाट्यातील वाढीव रक्कम तर गेलीच, वर आणखी थोडे गेले.

दुसरी गोष्ट त्रासापेक्षा जोखमीची आहे. संयुक्त विवरणपत्रावर सही केली की त्यातील संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर आणि प्रत्येकावर पूर्ण येते. कर कोणी भरायचा हे हुकूमनाम्यात काहीही लिहिलेले असो, आयकर खात्याला ते बंधनकारक नसते. निर्दोष जोडीदाराला सवलत मागण्यासाठी फॉर्म 8857 आहे, पण तो मागाहून झगडण्याचा मार्ग आहे. आपल्या लोकांच्या बाबतीत ही जोखीम बहुधा भारतातील ठेवींतून येते. वडिलांच्या ठाण्याच्या बँकेतील मुदत ठेवीवर लेकीचे नाव सोयीसाठी घातलेले असते, आणि विदेशातील खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली की ती खाती कळवावी लागतात. सासऱ्यांच्या ठेवींचे कागद मागण्याइतके आमचे संबंध तेव्हा उरले नव्हते, आणि न पाहता सही करणे मला जमले नसते.

स्वतंत्र विवरणपत्राचा भुर्दंडही लपवण्यासारखा नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जाते, शेअरमधील तोटा 3,000 ऐवजी 1,500 डॉलरपर्यंतच वळता होतो, आणि एकाने प्रत्यक्ष खर्चांची यादी देऊन वजावट घेतली की दुसऱ्याला प्रमाणित (ठरावीक रकमेची) वजावट मिळत नाही, म्हणजे तेवढ्यापुरते तरी बोलावेच लागते. मला सर्वांत जास्त खटकले ते रॉथ खात्याचे, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्याचे. त्या वर्षी काही महिने आम्ही एका छताखाली होतो, एवढ्यावरून त्यात पैसे भरण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा 10,000 डॉलरवर आली आणि जानेवारीपासून आपोआप भरले गेलेले पैसे मला काढून घ्यावे लागले. तिची स्थिती मात्र बरी राहिली. मुलगी तिच्याकडे होती, वर्षाचे शेवटचे सहा महिने आम्ही वेगळे राहिलो होतो आणि घराचा निम्म्याहून अधिक खर्च ती करत होती, त्यामुळे तिला कुटुंबप्रमुख म्हणून विवरणपत्र भरता आले. 2025 च्या आकड्यांत ही प्रमाणित वजावट 23,625 डॉलर आहे. वेगळे भरणाऱ्या विवाहिताला 15,750 मिळते. मला त्या वर्षी सुमारे 1,100 डॉलर जास्त कर पडला. उरलेला लहानसा परतावा माझ्या एकट्याच्या खात्यात तीन आठवड्यांच्या आत जमा झाला आणि त्यासाठी मला कोणालाही फोन करावा लागला नाही.

या तुलनेत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, आणि माझ्या मते तीच स्वतंत्र विवरणपत्राचे पारडे जड करते. वेगळे भरल्यानंतर मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत दोघांच्या संमतीने ते संयुक्त करून घेता येते. उलट संयुक्त भरल्यावर एप्रिलची मुदत उलटली की वेगळे होण्याची सोय नाही. वाटाघाटी अजून रखडलेल्या असतील, तर ज्यातून नंतर मागे येता येते तोच पर्याय आधी घ्यावा, असे मला वाटते.

तरीही फरक हजारोंचा असेल आणि जोडीदाराच्या कागदपत्रांवर विश्वास असेल, तर संयुक्त विवरणपत्र नाकारण्याचे कारण नाही. फक्त परताव्याच्या वाटणीचा आकडा सही करण्यापूर्वी दोघांनी लेखी ठरवावा आणि फॉर्म 8888 जोडून रक्कम थेट दोन वेगळ्या खात्यांत पाठवण्यास सांगावे. आम्हाला हा फॉर्म ठाऊक असता, तर तो ऑगस्ट टळला असता. 30 सप्टेंबर 2025 पासून आयकर खाते कागदी धनादेश टप्प्याटप्प्याने बंद करत आहे, तेव्हा बंद न झालेल्या खात्याचाच क्रमांक घातला आहे ना, हे सही करताना दोघांनी आपापल्या पासबुकाशी ताडून पाहावे.