अमेरिकेतल्या घटस्फोटाच्या कागदासाठी ४५,९७८ रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

४५,९७८ रुपये. स्टेटमेंटवरचा आकडा आहे, अंदाज नाही. आणि ज्या कागदासाठी गेले, तो कागद नंतर साडेसदतीस डॉलरमध्ये मिळाला.

मुलीचा घटस्फोट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) कोर्टात झाला, दोघांच्या संमतीने. ती पुण्याला परत आली. २०२४ मध्ये तिचं पुन्हा लग्न ठरलं, देवाच्या दयेने माणसं चांगली. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस, आणि घटस्फोटाचा कागद जोडल्याशिवाय नोटीस घेईनात. मुलीकडे वकिलाने मेल केलेला स्कॅन होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी त्याकडे पाहिलंही नाही. "सर्टिफाइड कॉपी आणा, अपोस्टिल करून." अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानावा म्हणून त्यावर लावतात ते सरकारी प्रमाणपत्र. ही कॉपी कोण देतं, कुठे मागायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं काही वाटतही नव्हतं.

काम मी अंगावर घेतलं, मुलीला न सांगता. ते सगळं पुन्हा तिला उकरायला लावायचं नव्हतं, एवढंच. आता जो तो विचारतो, "तुम्ही तर बँकेत होतात ना?" होतो. चेकवरची खोटी सही मी आजही लांबून ओळखेन. पण अमेरिकेतलं काउंटी कोर्ट इंटरनेटवर कसं दिसतं हे मला बँकेने शिकवलं नव्हतं.

काउंटीचं नाव टाकून शोधलं की वरच्या सगळ्या जाहिरातीच असतात. मी उघडली त्या साइटवर कोर्टाच्या घुमटाचा फोटो, गरुडाचा शिक्का, आणि पत्त्यात चक्क काउंटीचं नाव. नाव, आडनाव, साल टाकलं की एक पट्टी सरकायला लागते. "कोर्टाच्या फाइली तपासत आहोत." मग "सीलबंद नोंदी तपासत आहोत." मग हिरव्या अक्षरांत "रेकॉर्ड सापडले".

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं. मी आडनाव टाइप करताना एक अक्षर गाळलं होतं. त्या आडनावाचं माणूस जगात नसेल. तरी रेकॉर्ड सापडलं! चूक मला दिसली, मागे जाऊन दुरुस्त केली, पुन्हा तीच पट्टी, तोच वेग, तीच हिरवी अक्षरं. आणि माझ्या मनात काय यावं? "वा, काय सिस्टीम आहे, स्पेलिंग चुकलं तरी शोधून काढते." नसलेल्या बाईचा घटस्फोट त्यांनी शोधून दाखवला आणि मी कौतुक करत बसलो. पैसे गेल्यापेक्षा हा "वा" जास्त झोंबतो.

पहिले ३९.९५ डॉलर, "रिपोर्ट"चे. त्याआधी कार्डावरचे परदेशी व्यवहार मीच ॲपमधून चालू केले होते. ओटीपी आला नाही. परदेशी साइटवर बऱ्याचदा येतच नाही, कार्डाचे आकडे दिले की संपलं. बँकेचा साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावरचा जीएसटी धरून ३,४७४ रुपये. मग "सर्टिफाइड प्रत आणि अपोस्टिल" म्हणून १८९ डॉलर, म्हणजे १६,४३३. मग मेल आला की कागद देशाबाहेर पाठवायचा तर "इंटरनॅशनल रिलीज फी" २१० डॉलर. १८,२५९ रुपये. अशी कुठलीही फी नसते. निवाड्याची प्रत भारतात पाठवायला कोर्टाला कोणाची परवानगी लागत नाही, तिकिटं लागतात. याच टप्प्यावर त्यांनी मुलीच्या पासपोर्टचं पहिलं पान आणि पूर्वीच्या जावयांची जन्मतारीख मागितली. दिली. त्या मुलाचा यात काय संबंध होता? पण दिली.

कॅलिफोर्नियात निवाड्याची प्रत काढायला पासपोर्ट लागत नाही. कोर्टाने फाइल सील केली नसेल तर निवाडा खुला असतो, कोणीही मागू शकतं. पासपोर्ट मागितला की तिथेच बंद करा.

आलं काय, तर पीडीएफ. पहिल्या पानावर सोनेरी गोल शिक्का, वेलबुट्टीची कडा, "घटस्फोट पडताळणी प्रमाणपत्र". आत मुलीचे अमेरिकेतले जुने पत्ते, नातेवाइकांची नावं (त्यात आमच्या भाच्याचंही) आणि शेवटी "संभाव्य घटस्फोट, २०१९". संभाव्य! कोर्टाचं नाव नाही, केस नंबर नाही, क्लार्कची सही नाही. ते पान घेऊन मी नोंदणी कार्यालयात गेलो, तर तेच गृहस्थ हसले. बाजूच्याला दाखवून हसले.

तेवढ्यावर संपलं नाही. २९.९५ डॉलरची मासिक मेंबरशिप कधी लागली मला कळलं नाही. कार्ड बंद करेपर्यंत त्यातून आणखी ७,८१२ गेले. साइटच्या तळाशी राखाडी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: आमचा कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही. सुरुवात तळापासून करा.

आता बँकेचं ऐका. मी आयुष्य जिथे घालवलं त्याच क्षेत्रातली माणसं. म्हणे, "सर, सर्व्हिस तर मिळाली ना? पीडीएफ आलाय." साइटवाल्यांनी अटी-शर्तींचा कागद पाठवला, बँकेने तो देवाच्या प्रसादासारखा स्वीकारला आणि पैसे परत मागणारा माझा दावा फेटाळला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर "ते अनधिकृत व्यवहारांना लागू, तुम्ही स्वतः कार्ड दिलंत." मेंबरशिपची परवानगी तरी मी दिली होती का? त्यावर उत्तर नाही, नुसता तक्रार क्रमांक. पोलीस चौकीत विचारलं, "गुन्हा कुठे घडला?" माझ्या जेवणाच्या टेबलावर घडला, साहेब! "अमेरिकेची साइट आहे, तिकडे तक्रार करा." तिकडच्या कोर्टाला फोन लावावा तर इथली मध्यरात्र, एक दाबा, दोन दाबा, मग संगीत. माणूस भेटला तेव्हा तो म्हणाला, "केस नंबर आहे का?" आणि नाही म्हटल्यावर पुन्हा संगीत. दोन देशांची असतील तितकी कार्यालयं असू द्या, प्रत्येकाला आपली खिडकी कुठे संपते तेवढं पाठ असतं. पैसे गेले की तासाभरात १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, चौकीची वाट पाहू नका. मी पीडीएफची वाट पाहत बसलो.

शेवटी मुलीला सांगावं लागलं. ती रागावली नाही, तेच वाईट. "बाबा, मला विचारायचं ना," म्हणाली आणि वकिलाच्या जुन्या मेलमधून केस नंबर काढून दिला. भाचा त्याच काउंटीत राहतो. तो कोर्टाच्या रेकॉर्ड्सच्या खिडकीवर गेला. पाच पानांचे पानाला ५० सेंट, घटस्फोटाच्या निवाड्यावर शिक्का मारून प्रमाणित करायचे १५ डॉलर. मग कागद राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात टपालाने, अपोस्टिलचे २० डॉलर. झालं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा शिक्का लागत नाही. त्याचे पैसे कोणी मागितले तर तोही त्याच गोत्राचा.

मागताना "जजमेंट" मागा. कॅलिफोर्नियात तो एफएल-१८० नंबरचा फॉर्म असतो. एफएल-१९० ही निवाडा नोंदवल्याची फक्त सूचना, ती घेऊन परत येऊ नका. राज्याच्या आरोग्य खात्याकडेही जाऊ नका, त्यांच्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच घटस्फोटांच्या नोंदी आहेत, आणि त्याही निवाडा नव्हे. टेक्सासमध्ये कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतो, राज्याचं खातं फक्त पडताळणीचं पत्र देतं. पेनसिल्व्हेनियात त्या अधिकाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका. पत्त्यात डॉट गव्ह पाहा असं सगळे सांगतात, पण काही काउंटी कोर्टांचे खरे पत्ते डॉट ऑर्गही असतात, म्हणून राज्याच्या न्यायसंस्थेच्या साइटवरून काउंटीच्या यादीतून आत शिरा. गूगलच्या पहिल्या ओळीवरून नाही.

कार्डावरचे परदेशी व्यवहार काम झालं की त्याच मिनिटाला बंद. पासपोर्टच्या स्कॅनवर आडवी रेघ मारून कशासाठी दिलाय ते लिहा.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकला आहे, मेंबरशिपच्या ७,८१२ रुपयांपुरता. बाकीचे अक्कलखाती जमा, असं आमची ही म्हणते. मी अजून म्हटलेलं नाही. मुलगा-मुलगी तिकडे असेल आणि असं प्रकरण झालं असेल, तर केस नंबर आजच मागून घ्या, आणि तिकडे कोणी आपलं असेल तर दोन सर्टिफाइड प्रती आत्ताच काढून ठेवा. लग्न ठरल्यावर नाही.